कोल्ह्याचे बियाणे

‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी ख्याती आहे. पाळणा आम्ही पाहिला, कारण त्यात आम्हीच रडलो. सोने मात्र पुढच्या हप्त्यात मिळेल, असे ऐकत आलो आहोत. सोन्याऐवजी जालन्याने जगाला तीन गोष्टी दिल्या : मोसंबी, लोखंडी सळया आणि बियाणे. मोसंबी खाल्ली की संपते. सळई सिमेंटच्या पोटात गडप होते. बियाणे तेवढे गंमतीचे. ते मातीत घातले तरी संपत नाही, पुन्हा वर येते. निदान यावे अशी अपेक्षा असते.

आता सांगायचे ते असे की, ह्या लेखाचा विषय बियाणे हा नसून ब्राउझर हा आहे. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट नावाचे गाव पाहतो ती खिडकी. मी बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. संगणकशास्त्र मला कुणी शिकवले नाही आणि मीही ते कुणाकडे मागायला गेलो नाही. पण ह्या खिडकीचा इतिहास वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, तो समजून घ्यायला अमेरिकेला जावे लागत नाही. जालन्याच्या बाजारात मृगाच्या आधी बियाण्याच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिले तरी पुरते.

सुरुवात सज्जनपणाने झाली होती. टिम बर्नर्स-ली ह्यांनी स्वित्झर्लंडमधल्या ‘सर्न’ ह्या संशोधन संस्थेत वेब उभारले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर करून टाकले की, हे सगळ्यांचे आहे, वापरा, आम्हांला एक पैसा नको. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना ह्या दोघांनी ‘मोझेक’ नावाची खिडकी बसवली. तिच्यात मजकुराच्या शेजारी चित्रेही दिसत. चित्रे दिसायला लागली म्हटल्यावर गर्दी जमणारच. पुढच्या वर्षी अँड्रीसन आणि जिम क्लार्क ह्यांनी ‘नेटस्केप’ कंपनी काढली, आणि ९ ऑगस्ट १९९५ रोजी तिचा शेअर बाजारात आला. २८ डॉलरला दिलेला शेअर संध्याकाळी ५८ डॉलरच्या वर बंद झाला. कंपनीचे वय सोळा महिने आणि नफा शून्य! आमच्या बँकेत सोळा महिन्यांच्या बिननफ्याच्या धंद्याला कर्ज राहू द्या, बसायला खुर्चीसुद्धा मिळत नाही.

त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. सुरुवात मोठ्या शहरांपासून झाली. मुंबईहून निघालेली कुठलीही गोष्ट मनमाडला थोडी रेंगाळते, त्यामुळे जालन्याला ते पोहोचायला आणखी काही वर्षे लागली. तोवर तिकडे अमेरिकेत लढाई पेटलीसुद्धा होती.

ह्या लढाईचे मूळ मला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून फार आवडते. मायक्रोसॉफ्टला नेटस्केपसमोर स्वतःची खिडकी उघडायची होती. ती घाईत बनवण्यापेक्षा त्यांनी स्पायग्लास नावाच्या कंपनीकडून मोझेकचे हक्क घेतले. करार असा की, थोडी ठरावीक रक्कम आणि वर विक्रीतला हिस्सा. स्पायग्लासवाले खूश झाले. एवढी मोठी कंपनी विकणार म्हणजे हिस्साही मोठाच येणार! मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ काढला आणि तो विंडोजबरोबर फुकट वाटायला सुरुवात केली. आता शून्य विक्रीचा हिस्सा किती, हे गणित सोडवायला बी. कॉम. व्हावे लागत नाही. भांडण झाले, आणि १९९७ साली ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

फुकटाचा हिशेब नेटस्केपला त्याहून महाग पडला. नवा संगणक घेतला की एक्स्प्लोरर आत आधीच बसलेला असे, जसा भाड्याच्या घरात जुना भाडेकरू मागे ठेवून गेलेला पोटमाळा. मग दुसरी खिडकी विकत कोण घेणार? मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. न्यायाधीशांनी २००० साली कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. वरच्या कोर्टाने तो २००१ मध्ये फिरवला, आणि शेवटी समेट झाला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. आमच्याकडे बांधाचा दावा निकाली निघेपर्यंत ज्याच्यावरून भांडण ते बोराचे झाड वाळून जाते, त्यातलाच प्रकार.

पण मरता मरता नेटस्केपने एक गोष्ट केली, आणि ती नेमकी कोणत्या दिवशी केली पाहा : ३१ मार्च १९९८. बँकवाल्याला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. त्या रात्री देशभरातले कारकून एक रुपया दहा पैशांच्या फरकापायी डोळे फोडत बसलेले असतात, आणि हिशेबाची पुस्तके बंद केल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नाही. सगळा भारत आपली पुस्तके बंद करीत होता, त्याच दिवशी नेटस्केपने आपले पुस्तक जगापुढे उघडून ठेवले. ब्राउझर ज्या मूळ आज्ञावलीतून तयार होतो, ती आज्ञावली खुली केली. घ्या, वाचा, बदला, वाटा! ह्या व्यवहाराला आज आपण ‘ओपन सोर्स’ म्हणतो. तो शब्दही त्याच धामधुमीत, फेब्रुवारी १९९८ मध्ये, क्रिस्टीन पीटरसन ह्या बाईंनी सुचवला.

आता बियाण्याच्या दुकानाकडे येऊ या.

माझे मामा भोकरदन तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी घरोघरी कणगीत पुढच्या सालाचे बी राखेत घालून ठेवलेले असे. मग संकरित बियाण्याचा जमाना आला. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ साली जालन्यातच महिको कंपनी सुरू केली, आणि जालना हे बियाण्याचे गाव झाले. त्या कामासाठी बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो १९९८ सालीच! म्हणजे जालन्याच्या बियाण्याला जगाने हार घातला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ब्राउझरचे बियाणे मोकळे झाले. दोघांनी एकमेकांचे नाव तरी ऐकले होते का, कोण जाणे, पण आमच्या गावच्या माणसाला असले योगायोग फार सुखावतात.

संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले, ह्यात शंका नाही. अडचण एवढीच की, त्या पिकातले दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तर रान एकसारखे येत नाही. काही ताटे आजीवर जातात, काही आजोबांवर. म्हणून दरसाल नवे पाकीट घ्यावे लागते. मामांना मी एकदा विचारले, “मामा, मग तुम्ही घरचं बी अजून कामून ठेवता?” ते म्हणाले, “भाचेबुवा, पाकिटातलं बी चांगलंच हाय. पर दुकान बंद झालं तर पाकीट कोन देतं? घरचं बी थोडं कमी पिकतं, पर रातच्याला बारा वाजता कणगीत हात घातला तरी गावतं.”

ओपन सोर्सवर मी पुढे पुष्कळ वाचले, पण एवढी नेमकी व्याख्या कुठे सापडली नाही. एक्स्प्लोरर फुकट होता, पण ते शिजवून वाटलेले अन्न होते. ताटात पडेल ते खायचे. नेटस्केपने दिले ते बियाणे होते. फुकट आणि मोकळे ह्या दोन शब्दांत एका कणगीचे अंतर आहे.

ते बियाणे उगवायला मात्र वेळ लागला. नेटस्केपला एओएल कंपनीने विकत घेतले, आणि जुलै २००३ मध्ये ब्राउझरचे खातेच गुंडाळले. जाता जाता वीस लाख डॉलर देऊन मोझिला फाउंडेशन ही बिननफ्याची संस्था उभी राहिली. त्याआधी, २००२ साली, डेव्ह हायट आणि ब्लेक रॉस ह्यांनी त्याच आज्ञावलीतून एक सुटसुटीत ब्राउझर वेगळा काढला होता. रॉस तेव्हा सतरा वर्षांचा होता. आमच्याकडे त्या वयाच्या मुलाला गॅसचा नंबर लावायलासुद्धा एकटे पाठवत नाहीत.

ह्या बाळाच्या नावाचाही घोळ झाला. प्रथम नाव ठेवले फीनिक्स, राखेतून उठणारा पक्षी. त्या नावावर दुसऱ्या कंपनीने हक्क सांगितला. मग फायरबर्ड. त्यावर दुसऱ्याच एका मंडळीने नाराजी दाखवली. शेवटी फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स. दोन वर्षांत तीन बारशी! चित्रात तो कोल्हा दिसतो खरा, पण फायरफॉक्स हे लाल पांडाचे दुसरे नाव आहे, आणि लाल पांडा हा आपल्या सिक्कीमचा राज्यप्राणी. तेव्हा तो परदेशी पाहुणा आहे असे कुणी म्हटले, तर मान्य करू नये.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० बाहेर पडला, आणि डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची दोन पानी जाहिरात आली. पैसे वापरणाऱ्यांनीच जमवले होते, आणि पानभर त्या हजारो देणगीदारांची नावे बारीक अक्षरांत छापलेली होती. थोडक्यात, गणेश मंडळाची वर्गणीदारांची यादी! ती जाहिरात पाहून मला पहिल्यांदा वाटले की, ही मंडळी आपल्यातलीच आहेत.

माझ्या घरी हा कोल्हा २००६ साली, एका संगणक मासिकाबरोबर मोफत आलेल्या सीडीतून शिरला. त्या काळी एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती चालू होती. ती २००१ सालची. जगातल्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक लोकांची हीच खिडकी झाल्यावर कंपनीने पाच वर्षे तिची तावदानेसुद्धा पुसली नव्हती. प्रतिस्पर्धी उरला नाही की कोणता दुकानदार मापात हात सैल सोडतो?

ह्याउलट फायरफॉक्समध्ये ‘टॅब’ होते. एकाच खिडकीत दहा पाने उघडून ठेवायची आणि हवे त्यावर जायचे. आमच्या शाखेत एकच माणूस पैसे घेतो, पासबुक भरतो आणि पेन्शनरांची समजूतही घालतो, त्यामुळे ही कल्पना मला लगेच पटली. न बोलावता टपकणाऱ्या जाहिरातींना दारातूनच परत पाठवण्याची सोय होती. पण खरे उपकार केले ते ऑक्टोबर २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीने. वीज गेली, संगणक धाडकन बंद पडला, तरी पुन्हा सुरू केल्यावर सगळी पाने होती तशी उभी राहत. ही सोय ज्याने केली तो अमेरिकेत राहत असला, तरी दुपारच्या भारनियमनात तो जालन्यात एकदा तरी घाम पुसत बसला असला पाहिजे, अशी माझी खात्री आहे.

सगळेच सुरळीत झाले, असे नाही. पहिल्याच दिवशी मी एक मराठी वर्तमानपत्र उघडले, तर पानभर इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची मिसळ! सौ.ने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, “अहो, हे तर औषधाच्या चिठ्ठीसारखं दिसतंय.” कारण असे होते. त्या काळी बहुतेक मराठी साइटचे फाँट निरनिराळे असत. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरच साठवलेले असे, आणि फाँट त्याच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवी. हा मुखवटा आपोआप उतरवून घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी फक्त एक्स्प्लोररसाठी केलेली असे. दुसऱ्या खिडकीतून पाहिले की मुखवटा गळून पडे आणि आतली मिसळ उघडी! वास्तविक युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतःचे हक्काचे क्रमांक देऊन ठेवले होते. घर मिळाले होते, पण आम्ही अजून इंग्रजीच्या ओसरीवर पथारी टाकून होतो. ह्यावर उपाय आला तो बाहेरच्या माणसाकडून. फायरफॉक्सला वरून जोडता येणारे ‘पद्मा’ नावाचे एक छोटे उपकरण होते. ते अशा फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. कंपनीला विचारायला न जाता एखादा जाणकार असे काही करू शकला, कारण खिडकी मोकळी होती.

त्यातून सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांच्या साइटवर पाटी असे : ‘ही साइट इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच उत्तम दिसते.’ आमच्या आजोबांना ही पाटी लगेच समजली असती. सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. उर्दू गोडच भाषा, तिच्याबद्दल तक्रार नव्हती. पण शेत आपले, साराही आपणच भरायचा, आणि त्याची पावती वाचायला मात्र अर्जनवीस गाठायचा! दार सरकारचे असते तेव्हा ते एकाच किल्लीने उघडणे बरे नाही, मग ती किल्ली फुकट का वाटलेली असेना.

हे मी कारकुनी कुरकुर म्हणून सांगत नाही. दक्षिण कोरियात सबंध देशाला हा अनुभव आला. १९९८ साली (पुन्हा तेच साल!) तिथे बँकांच्या व्यवहारांसाठी स्वतःची सांकेतिक पद्धत तयार केली. तिचे नाव ‘सीड’, म्हणजे बियाणेच! पण ते पेरले एक्स्प्लोररच्या कुंडीत. त्यामुळे कितीतरी वर्षे तिकडे बँकेचे काम करायचे तर एक्स्प्लोररच लागे. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररचा आधार काढून घेतला, तेव्हा एका कोरियन इंजिनिअरने त्याच्या नावाने काळ्या दगडाचे थडगेच उभारले. त्यावर कोरले होते की, दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हे साधन बरे होते. त्याने मागे बियाणे ठेवले नाही, त्यामुळे त्याला वारसही नाही. नेटस्केप त्याच्या कितीतरी आधी, २००८ सालीच, संपला होता. पण त्याचे नातवंड अजून खेळते आहे.

मोकळ्या बियाण्यालाही कायदा असतो, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे २००१ साली पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा झाला. शेतकऱ्याने आपले बी राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, विकावेसुद्धा, पण कंपनीचा छाप मारून विकू नये, असे तो सांगतो. फायरफॉक्सचेही अगदी तसेच. आज्ञावली कुणीही घ्यावी, पण नाव आणि चित्र मोझिलाचे. डेबियन नावाच्या मंडळींनी आज्ञावलीत आपले फेरफार केले. नावाचा प्रश्न निघाल्यावर त्यांनी २००६ साली अग्नीच्या जागी बर्फ आणि कोल्ह्याच्या जागी मुंगसाच्या तोंडवळ्याचा प्राणी घातला आणि ‘आइसवीझल’ म्हणून तेच बी पेरत राहिले. दहा वर्षांनी, २०१६ साली, समेट होऊन जुने नाव परत आले. भावकीतला तंटा इतक्या कमी खर्चात मिटलेला मी दुसरा पाहिलेला नाही.

आता आजचा हिशेब. एकेकाळी, २००९-१० च्या सुमारास, जगातले तीसेक टक्के लोक फायरफॉक्स वापरीत. आज ते शंभरात दोन-तीन उरले आहेत. २००८ साली गूगलचा क्रोम आला आणि बघता बघता गावाचा पाटील झाला. क्रोमचेही मूळ बरेचसे खुले आहे, हे कबूल केले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने स्वतःची नवी खिडकी २०२० पासून त्याच्याच चौकटीवर बसवली आहे. पण बियाणे मोकळे असून सगळ्या शिवारात एकच वाण लागला, तर पुढे काय होते ते कापूसवाल्याला विचारा. एक अळी आली की सगळेच उघडे पडतात.

त्याहून गमतीची गोष्ट जमाखर्चात आहे. फायरफॉक्समध्ये शोधाची जागा गूगलला दिलेली असते, आणि मोझिलाचे बरेचसे उत्पन्न त्या मोबदल्यातून येते. म्हणजे घरच्या बियाण्याची कणगी राखायचा पगार समोरचा दुकानदार देतो! ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी, शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली, असा निकाल दिला. तेव्हा हे पैसे बंद होणार म्हणून इकडे काळजी पसरली. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात असे पैसे देण्यावर सरसकट बंदी आली नाही. कणगी तूर्त वाचली. पण पोशिंद्यावर खटला चालू असताना पोसल्या जाणाऱ्याने देव पाण्यात घालून बसावे, हा ताळेबंद कुठल्याही हिशेबतपासनिसाला झोप लागू देणार नाही.

मी मात्र फायरफॉक्सच वापरतो. बँकेच्या, खरेदीच्या आणि करमणुकीच्या साइट तो माझ्यासाठी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, त्यामुळे एका खात्याची कुजबुज दुसऱ्या खात्याला कळत नाही. आमच्या शाखेत ही सोय अजून व्हायची आहे. जाहिरातवाल्यांना माझ्या मागावर फिरू देत नाही. लांबलचक लेखाभोवतीची सगळी जत्रा हटवून नुसता मजकूर पुढे ठेवतो. आणि मेनूपासून सूचनांपर्यंत तो मराठीत बोलतो. कुणा कंपनीने दया केली म्हणून हे झाले नाही. मराठी माणसांनी रात्री जागून, एकेक शब्द जुळवून ते केले. परवानगी मागायला कुणाच्या दारात जावे लागले नाही.

कोल्हा चांगला की दुसरा प्राणी चांगला, ह्या वादात मला पडायचे नाही. काही साइट आजही त्याला पाहून नाक मुरडतात, आणि तेवढ्यापुरती दुसरी खिडकी उघडावी लागते. पण मामांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मी विसरलेलो नाही. राखेत घातलेले बी कितीही जपले, तरी दोन-तीन सालांत त्याचा उगवता दम जातो. बियाणे कणगीत टिकत नाही, रानात टिकते. म्हणून दरसाल एक तरी तास त्याचे लावावे लागते. बाकीचे शिवार मग कशानेही भरा.